सिमेंट कारखान्याजवळच्या गावांत हवेमुळे आरोग्याला किती धोका आहे, हे मोजायचं कसं?

पैनगंगाकाठ
चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना-राजुरा पट्ट्यातल्या दोन गावांसाठी विचारतोय. इकडे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या चुनखडीच्या खाणी आहेत. पलीकडे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी, त्याहून पुढे २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. गाव 'अ' कारखान्याच्या भिंतीपासून किलोमीटरभरावर, ट्रकच्या रस्त्याला लागून. गाव 'ब' नैऋत्येला चारेक किलोमीटरवर. 'अ'मध्ये टिनावर पांढरा थर बसतो, म्हणून तक्रारी सगळ्या तिथूनच येतात. 'ब'मध्ये धूळ दिसत नाही, पण खोकल्याचे रुग्ण तिथेही आहेत. हवेची अखंड मोजणी करणारी सरकारी केंद्रं चंद्रपूर शहरात आणि खुटाळा एमआयडीसीत आहेत. त्यांचे आकडे इथे लावता येत नाहीत.

ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीला धोका नीट मोजायचा आहे. नेमकं काय मोजावं, तपासण्या कोणत्या कराव्यात, आणि शेवटी ठामपणे काय म्हणता येईल? कृपया तपशिलात सांगा.

भट्टीवाला
पहिलं काम, धूळ कुठून येते त्याची फोड करा. 'अ' आणि 'ब' या गावांचे प्रश्न बहुधा वेगवेगळे आहेत.

किल्नची, म्हणजे सिमेंटच्या भट्टीची, चिमणी उंच असते आणि तिच्यातून बाहेर पडणारा वायू गरम असतो. तो आधी वर चढतो, मग वाऱ्याबरोबर पसरत काही किलोमीटरवर जमिनीला टेकतो. भिंतीलगतच्या गावावरून तो बऱ्याचदा डोक्यावरूनच निघून जातो. बॅग फिल्टरमधून (धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्यांमधून) सुटलेले कण बारीक असतात, सोबत नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड असतात. यातलं काहीच टिनावर दिसत नाही.

टिनावरचा थर येतो तो क्रशर, क्लिंकरचं (भट्टीतून निघणाऱ्या, दळायच्या आधीच्या सिमेंटच्या खड्यांचं) उघडं यार्ड, कन्व्हेयरचे ट्रान्सफर पॉइंट, पॅकिंग प्लांट, खाणीतले स्फोट आणि सगळ्यात जास्त ट्रकच्या रस्त्यावरून. हे जमिनीलगतचं उत्सर्जन असतं. कण जाड असल्याने ते पहिल्या एक-दीड किलोमीटरातच खाली बसतात.

म्हणून 'अ'मध्ये रस्ता आणि यार्ड बघा, 'ब'मध्ये चिमणी. हिवाळ्यात इकडे वारा बराच काळ ईशान्येकडून असतो, म्हणजे तेव्हा 'ब' कारखान्याच्या वाऱ्याखाली येतं. थंडीत रात्री जमिनीलगत गार हवेचा थर अडकतो आणि धूर त्याच्यावर तरंगत राहतो. सूर्य वर आला की तो थर मोडतो आणि वरचा धूर एकदम खाली येतो. सकाळी ८ ते १० या वेळेत 'ब'मध्ये अचानक वाढ दिसली, तर कारण हे असू शकतं.

बिघाडाच्या वेळा वेगळ्या नोंदवा. जिथे बॅग फिल्टरऐवजी ईएसपी (विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारं यंत्र) आहे, तिथे वायूत कार्बन मोनॉक्साइड वाढलं की स्फोट टाळण्यासाठी ईएसपीचा वीजपुरवठा आपोआप तुटतो. त्या काही मिनिटांत धूळ जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडते. भट्टी नव्याने पेटवताना हे जास्त घडतं. बॅग फिल्टरचं दुखणं निराळं. पिशवी फाटली की फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक घटतो, पिशव्या चोंदल्या की वाढतो. दोन्हींच्या नोंदी कारखान्याच्या नियंत्रण कक्षात असतात. त्या तारीख-वेळेसह मागा.

हवामोजणी
भट्टीवाला यांच्याशी सहमत. आता उपकरणांबद्दल.

'अ' आणि 'ब' पुरेसे नाहीत, तिसरं ठिकाण लागेल. तीच माती, त्याच चुली, पण कारखान्याच्या वाऱ्यावरच्या बाजूला, १०-१२ किलोमीटर दूर. त्याला 'क' म्हणू. 'क' नसेल तर 'ब'चा आकडा कितीही मोठा आला तरी तो कारखान्याचा की कोळशाचा की पऱ्हाटी जाळल्याचा, हे सांगता येणार नाही.

पीएम १०साठी (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी) रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर, म्हणजे हवा ओढून धूळ फिल्टरवर जमवणारं यंत्र, चालेल. मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा, दर ८ तासांनी नवा फिल्टर, म्हणजे दिवसाला तीन. फिल्टर भरत जातो तसा प्रवाह कमी होतो, म्हणून सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रवाहाची सरासरी धरायची. धुळीच्या जागी घेतलेल्या नमुन्याच्या अहवालात दोन्ही प्रवाह तंतोतंत सारखे दिसले, तर कोणीतरी शेवटचा प्रवाह वाचलेलाच नाही.

पीएम २.५ला (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांना) मिनिटाला १६.७ लिटरचा सॅम्पलर आणि ४७ मिलिमीटरचा टेफ्लॉन फिल्टर. चोवीस तासांत २४ घनमीटर हवा जाते. हवेत ६० मायक्रोग्रॅम असले तर फिल्टरवर जेमतेम १.४४ मिलिग्रॅम धूळ जमते. प्रयोगशाळेचा तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच वाचत असेल तर एका वजनातच ४ मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटरची चूक शिरते, आणि वजनं दोन करायची असतात, आधीचं आणि नंतरचं. एक मायक्रोग्रॅम वाचणारा तराजू आहे का, हे काम देण्याआधी विचारा. दर दहा फिल्टरांमागे एक कोरा फिल्टर गावापर्यंत नेऊन न वापरता परत आणायचा. त्याचं वजन वाढलं तर हाताळणीत घोळ आहे.

सॅम्पलरचं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर ठेवा. शेजारी भिंत असेल तर ती तोंडाच्या जितकी वर जाते, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. झाडापासून २० मीटर. शाळेच्या गच्चीवर ठेवणार असाल तर पोषण आहाराच्या चुलीचा धूर कुठे जातो ते आधी बघून घ्या.

वार्षिक सरासरी म्हणायची असेल तर राष्ट्रीय मानकांप्रमाणे (२००९) वर्षात किमान १०४ मोजण्या लागतात, आठवड्यातून दोन. तेवढा पैसा नसेल तर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात निदान आठ-आठ आठवडे करा, पण त्या आकड्याला 'वार्षिक' म्हणू नका. 'हंगामी' म्हणा.

आणि वाऱ्याचं यंत्र! दिशा आणि वेग, तासागणिक, १० मीटर उंचीवर. बजेटमधून लोक पहिल्यांदा हेच कापतात आणि मग सगळी मोजणी अर्धवट ठरते.

आकडेमोड
वाऱ्याचा आग्रह का, ते एका हिशेबाने सांगतो. समजा 'ब' गाव वर्षातल्या १५ टक्के तासांत कारखान्याच्या वाऱ्याखाली असतं आणि त्या तासांत पीएम २.५ 'क'पेक्षा १२० मायक्रोग्रॅमने जास्त असतं. वर्षभराच्या सरासरीत ही भर पडते १२० × ०.१५ = १८. मोजणी फक्त वाऱ्याखालच्या दिवसांत केली तर भर १२० दिसेल. फक्त पावसाळ्यात केली तर कदाचित शून्य. दोन्ही आकडे खरे, पण दीर्घकाळच्या धोक्याच्या सूत्रात घालायचा तो १८. अल्पकाळच्या त्रासासाठी, म्हणजे दम्याचा झटका वगैरे, तो १२०चा दिवस महत्त्वाचा.

पैनगंगाकाठ
फार उपयोगी. एका संस्थेकडून लेझरवाले छोटे सेन्सर मिळू शकतात. पीएम २.५ आणि पीएम १० दोन्ही दाखवतात. ते लावले तर सॅम्पलरचा खर्च वाचेल का?

हवामोजणी
वाचणार नाही, पण सेन्सर जरूर लावा. सॅम्पलर दिवसाची एक सरासरी देतो. सेन्सर मिनिटामिनिटाला देतो, त्यामुळे सकाळी ८चा फुगवटा किंवा मध्यरात्रीचा ईएसपी-ट्रिप त्यातच सापडेल.

मर्यादा मात्र पक्क्या लक्षात ठेवा. हे सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. जाड कण त्यांच्या छोट्या पंख्याने आत ओढलेच जात नाहीत, त्यामुळे पीएम १०चा आकडा हा बहुतांशी बारीक कणांवरून केलेला तर्क असतो. क्लिंकरची आणि रस्त्याची धूळ जाड असते. नेमक्या याच ठिकाणी तो आकडा खोटा पडतो आणि कमी दाखवतो. पीएम १०चा स्तंभ वापरूच नका. आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि पीएम २.५ वाढीव दिसतं. पावसाळ्यातली आणि धुक्यातल्या पहाटेची वाचनं वेगळी काढा. सकाळचा फुगवटा तपासताना तर आर्द्रतेचा आलेख शेजारी हवाच.

लावण्याआधी सगळे सेन्सर एकाच जागी, सॅम्पलरशेजारी, दोन आठवडे चालवा आणि प्रत्येकाचं वाचन सॅम्पलरशी जुळवणारा गुणक काढा. शेवटी पुन्हा एकत्र आणून बघा, कारण धुळीच्या गावात त्यांची लेन्स मळते आणि वाचन सरकतं.

श्वसनवैद्य
आरोग्याच्या बाजूने लिहितो.

सिमेंटची धूळ अल्कधर्मी असते, ओली झाली की पीएच १२-१३पर्यंत जातो. म्हणून डोळे चुरचुरणं, नाक वाहणं, घसा खवखवणं, हाताला इसब या तक्रारी 'अ'मध्ये जास्त मिळतील आणि त्या जाड धुळीनेही होतात. खोल फुप्फुसात आणि पुढे रक्तवाहिन्यांवर परिणाम करतात ते पीएम २.५. हृदयविकार, पक्षाघात, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध प्रामुख्याने त्यांच्याशी आहे. टिनावर किती थर बसला यावरून हृदयाचा धोका ठरवता येत नाही. सिलिकोसिसची (सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसून होणाऱ्या आजाराची) भीती गावात सरसकट बोलून दाखवली जाते. त्याचा खरा धोका खाणीत ड्रिलिंग करणारे, क्रशरवर काम करणारे आणि भट्टीच्या विटा फोडणारे यांना असतो. त्यांची यादी वेगळी करा. खाण कामगारांची ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. क्ष-किरण फोटो आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) वर्गीकरणाने वाचलेला आहे का ते विचारा, आणि कंत्राटी कामगारांची तपासणी झाली आहे का ते तर नक्की विचारा.

गावासाठी दोन गोष्टी करा.

एक, प्रश्नावली. प्रमाणित प्रश्न, तिन्ही गावांत शब्दशः तेच. 'सलग दोन वर्षं, वर्षातले तीन महिने, बेडक्यासह खोकला' ही जुनाट ब्रॉन्कायटिसची व्याख्या. 'गेल्या १२ महिन्यांत छातीत घरघर' हा दम्यासाठी. प्रश्न विचारणाऱ्याने 'सिमेंट' हा शब्द उच्चारायचा नाही. 'कारखान्यामुळे तुम्हाला काय त्रास होतो' असं विचारलं की सर्वेक्षण तिथेच संपतं.

दुसरी, स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणं. उभी रांग लावून ताशी तीस जणांची करू नका. एका माणसाला १५ ते २० मिनिटं द्या. किमान तीन चांगल्या फुंका, आणि सर्वांत चांगल्या दोनमधला फरक १५० मिलिलिटरच्या आत. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा) आणि एफव्हीसी (एका फुंकेत बाहेर आलेली एकूण हवा) यांचं गुणोत्तर ०.७०च्या खाली आलं तर सालब्युटामॉलचे ४०० मायक्रोग्रॅम स्पेसरने (इनहेलरला जोडायच्या नळकांड्याने) देऊन १५ मिनिटांनी पुन्हा. औषधानंतरही ०.७०च्या खाली राहिलं तर सीओपीडीचा विचार. यंत्रात अपेक्षित मूल्यं कोणत्या समूहाची भरलीत ते बघा. युरोपीय मूल्यं ठेवली तर एफव्हीसी आणि एफईव्ही१ टक्केवारीत कमी दिसतात आणि निरोगी माणसंही आजारी ठरतात. क्षयरोगाचा संशय, थुंकीतून रक्त, अलीकडचा हृदयविकाराचा झटका किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया असेल तर फुंकर मारायला लावायची नाही. ३ लिटरच्या सिरिंजने यंत्र रोज सकाळी तपासायचं.

प्रत्येकाच्या फॉर्मवर हेही हवं: चूल की गॅस, इंधन पऱ्हाटी-तुराट्या की लाकूड, स्वयंपाकघर घरात की बाहेर, बिडी किती वर्षं आणि दिवसाला किती, पूर्वी क्षयरोग झाला होता का, खाणीत किंवा कारखान्यात किती वर्षं काम, गावात किती वर्षं राहणं. खर्रा वेगळा नोंदवा, त्याचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी आहे, बिडीत मिसळू नका. या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांना छातीचे गंभीर त्रास मुळातच होतात. तोही रकाना ठेवा.

आकडेमोड
डॉक्टरांच्या यादीतला चुलीचा रकाना सर्वांत निर्णायक आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटली की पीएम २.५ शेकड्यांत जातं. 'अ'मध्ये गॅस जास्त आणि 'क'मध्ये चुली जास्त असतील तर कारखान्याचा परिणाम झाकला जाईल. उलट असेल तर फुगेल. म्हणून तुलना गॅसवाल्या घरांची गॅसवाल्यांशी, चुलीवाल्यांची चुलीवाल्यांशी करायची.

नमुना किती? जुनाट खोकला 'क'मध्ये १० टक्के आणि 'अ'मध्ये १५ टक्के असेल, तर हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गावात सुमारे ६८० प्रौढ लागतात. घराघरांतून गटाने निवडल्यास दीडपट धरा, हजाराच्या आसपास. शंभर-शंभर माणसांचं शिबिर घेऊन 'फरक आढळला नाही' असा निष्कर्ष काढणं ही घोर चूक आहे. तो अहवाल पुढे दहा वर्षं तुमच्याच विरोधात दाखवला जातो.

आता मृत्यूंचा हिशेब. दीर्घकाळच्या पीएम २.५साठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आढाव्यात दर १० मायक्रोग्रॅममागे सापेक्ष धोका १.०८ आहे (१.०६ ते १.०९). कारखान्यामुळे पडलेली भर २० असेल तर १.०८ चा वर्ग, म्हणजे १.१६६. त्यातून जबाबदार वाटा, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी या वाढीव धुळीमुळे झालेले = ०.१६६ ÷ १.१६६, सुमारे १४ टक्के. ज्या गावात तिशीपुढच्यांचे वर्षाला ३० नैसर्गिक मृत्यू होतात, तिथे असे मृत्यू साधारण ४ होतात. गुणकाच्या सीमा घातल्या तर ३.३ ते ४.८.

ही संख्या सांगताना दोन गोष्टी सोबत सांगायच्याच. हे चार जण कोण, हे कोणालाही दाखवता येत नाही. आणि ३० मृत्यू हा आकडाच निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी २० तर एखाद्या वर्षी ४० होऊ शकतो. म्हणून गावाच्या मृत्युनोंदी मोजून 'वाढ झाली' किंवा 'झाली नाही' हे सिद्ध करायला जाऊ नका. लहान गावात हवेची मोजणी आणि हा गुणक जास्त भरवशाचा आहे.

भट्टीवाला
इथे थोडा मतभेद. हजार माणसांचं सर्वेक्षण गावाला झेपणार नाही. त्या पैशात वर्षभराची मोजणी होते. आधी मोजणी पूर्ण करावी.

श्वसनवैद्य
मोजणी आधी, हे मान्य. पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीतून श्वसनाच्या तक्रारींची आठवडावार संख्या गावनिहाय काढायला खर्च नाही. मागच्या तीन वर्षांची काढून ठेवा, पुढे मोजणी आली की आठवड्याला आठवडा जोडता येईल. यात गावाची तुलना स्वतःशीच होते, त्यामुळे बिडी आणि चूल आपोआप बाजूला पडतात, कारण त्या आठवड्यागणिक बदलत नाहीत. ऋतू मात्र बदलतात, त्यासाठी डिसेंबरची तुलना डिसेंबरशीच.

पैनगंगाकाठ
कारखान्याचे अहवाल दरवेळी 'मर्यादेत' असतात. ते कसे तपासायचे?

हवामोजणी
पर्यावरण मंजुरीच्या अटींचे सहामाही अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर असायला हवेत, वार्षिक पर्यावरण विवरणपत्र प्रदूषण मंडळाकडे ३० सप्टेंबरपर्यंत जातं. नसतील तर माहिती अधिकारात मागा. बघायचं काय? पीएम १०च्या चोवीस वाचनांत सगळी ५८ ते ६४च्या आत असतील तर शंका घ्या. खऱ्या हवेत वारा फिरला, पाऊस पडला की आकडा दुप्पट-निमपट होतो. पीएम २.५ दरवेळी पीएम १०च्या नेमका ४० टक्के असेल, तर तो मोजलेला नसून गुणाकार केलेला असण्याची शक्यता मोठी. मोजणीच्या जागा नकाशावर टाका. सगळ्या वाऱ्यावरच्या बाजूला निघाल्या तर अहवाल खरा असूनही तुमच्या उपयोगाचा नाही.

भट्टीवाला
चिमणीच्या आकड्यात ऑक्सिजन बघा. मर्यादा १० टक्के ऑक्सिजनवर आणून तपासायची असते. बाहेरची हवा आत शिरली की धूळ पातळ होऊन आकडा आपोआप कमी दिसतो. समजा वाचन ३० मिलिग्रॅम आणि ऑक्सिजन १४ टक्के. दुरुस्त आकडा = ३० × (२१ − १०) ÷ (२१ − १४), म्हणजे ४७. कागदावर ३०च्या मर्यादेत दिसणारी चिमणी प्रत्यक्षात दीडपट निघते. ऑनलाइन मोजणीची १५ मिनिटांची सरासरी मागा, महिन्याची नको. तासन्‌तास सरळ रेषा असेल तर विश्लेषक अडकला आहे.

पैनगंगाकाठ
भट्टीत प्लास्टिक आणि रासायनिक कचरा जाळतात असं लोक म्हणतात. त्याने कर्करोग होईल का?

भट्टीवाला
सह-प्रक्रिया, म्हणजे इंधनाबरोबर कचरा भट्टीत जाळणं, परवानगी घेऊन करता येते. किल्नमध्ये माल १४५० अंशांपर्यंत तापतो, वायू त्याहूनही गरम असतो, त्यामुळे सेंद्रिय विषं बऱ्यापैकी मोडतात. पारा मात्र मोडत नाही, वायूबरोबर जातो. म्हणून कचरा भट्टीत कुठून टाकतात आणि भट्टी पूर्ण तापायच्या आधी टाकतात का, हे प्रश्न विचारा. अशा कारखान्यांना २०१६च्या अधिसूचनेने वेगळ्या मर्यादा आहेत: डायॉक्सिन-फ्युरान ०.१ नॅनोग्रॅम टीईक्यू (सर्वांत विषारी डायॉक्सिनच्या तुलनेत मोजलेलं), पारा ०.०५ मिलिग्रॅम, कॅडमियम आणि थॅलियम मिळून ०.०५ मिलिग्रॅम, सगळं प्रति सामान्य घनमीटर. ती चाचणी अहवालात आहे का बघा.

आकडेमोड
धातूंचा हिशेब गुणाकाराचा आहे. आर्सेनिकची राष्ट्रीय वार्षिक मर्यादा ६ नॅनोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा गुणक प्रति मायक्रोग्रॅम ०.००१५. आयुष्यभर ती हवा घेतली तर ०.००६ × ०.००१५, म्हणजे दहा लाखांत ९ जादा कर्करोग. एका गावात हा आकडा शून्याजवळ येतो, तर पीएम २.५चे चार मृत्यू दरवर्षीचे. कुठे जोर लावायचा ते यावरून ठरवा. क्रोमियमबाबत सावध राहा. प्रयोगशाळा बहुधा एकूण क्रोमियम देते, कर्करोगाचा गुणक फक्त हेक्साव्हॅलंट या विषारी प्रकाराचा असतो. एकूण आकड्याला तो लावला की धोका कित्येक पटींनी फुगतो आणि पहिल्याच सुनावणीत तुमचा अहवाल पडतो.

आणखी एक. फिल्टरवर कॅल्शियम सापडलं म्हणजे सिमेंटच, असं इथे म्हणता येत नाही. जमीनच चुनखडीची आहे. 'क'मधल्या मातीतलं कॅल्शियम-अॅल्युमिनियमचं प्रमाण आधी काढा आणि 'अ'च्या फिल्टरवरचं त्याहून किती वर जातं ते बघा.

पैनगंगाकाठ
मोजणीला वर्ष जाईल. तोवर?

हवामोजणी
प्रदूषण मंडळाला लेखी कळवून संयुक्त मोजणी मागा, ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीसमोर. हवा कायद्याच्या कलम २६ची पद्धत पाळून मंडळाने घेतलेला चिमणीचा नमुनाच खटल्यात पुरावा म्हणून टिकतो. तुमचे सेन्सर मंडळाला कधी आणि कुठे यायचं हे सांगण्यासाठी आहेत, तेव्हा पत्रात त्या आलेखातले वाईट तास आणि वाऱ्याची दिशा जोडा.

भट्टीवाला
'अ'साठी वाट बघायची गरज नाही. ट्रकवर ताडपत्री, फाटकाशी चाकं धुण्याची सोय, डांबरी रस्त्यावर झाडूऐवजी ओढणारं स्वीपर यंत्र, क्लिंकर बंद शेडमध्ये. यातल्या बऱ्याच गोष्टी मंजुरीच्या अटींत आधीच लिहिलेल्या असतात, अट क्रमांक शोधून ठरावात घाला. पाणी मारणं दुपारच्या उन्हात तास-दोन तासच टिकतं, तेव्हा किती वाजता आणि किती फेऱ्या, हेही लिहून घ्या.

श्वसनवैद्य
दमा आणि सीओपीडीच्या रुग्णांची यादी आशाताईंकडून आत्ताच करून घ्या. इनहेलर नियमित मिळतात का आणि स्पेसरने घेतले जातात का, हे तपासा. थंडीत 'ब'मधल्या ज्येष्ठांनी आणि गरोदर बायकांनी सकाळी १०नंतर बाहेर पडलेलं बरं. शाळेची प्रार्थना आणि खेळाचा तास त्या दिवसांत दुपारकडे सरकवता येईल. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. रस्ता झाडणाऱ्या बायकांना एन९५ द्या, नाकाची पट्टी दाबून बसवायला शिकवा, आणि मास्क मळला किंवा ओला झाला की बदला.